माथेरानचे उपाध्यक्ष

2 जानेवारी 1943 रोजी पहाटे, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अरण्यात पोलिसांच्या गोळ्यांनी दोन तरुण ठार झाले. त्यांपैकी एक वकील होते. आणि गावकारभारात त्यांचे स्थान पाहू गेल्यास, माथेरान म्युनिसिपालिटीचे लोकनियुक्त उपाध्यक्ष होते. हे दुसरे विशेषण वाचून कोणासही क्षणभर चमत्कारिक वाटेल. म्युनिसिपालिटीचा उपाध्यक्ष म्हटला म्हणजे घरपट्टी, झाडलोट, दिवाबत्ती आणि सभांचे वृत्तांत एवढाच प्रपंच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. असल्या पदावरील मनुष्य रानात दबून राहतो काय, विजेचे मनोरे पाडतो काय, आणि वयाला तीस वर्षे व एक महिना झाला असताना गोळी खाऊन मरतो काय! त्यामुळे त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण हे पद एका वाक्यात उरकतात आणि घाईने मनोऱ्यांकडे वळतात. मला मात्र असे वाटते की, सिद्धगडावर मेलेला मनुष्य समजून घ्यावयाचा असेल तर अगोदर त्या उपाध्यक्षाची ओळख करून घेतली पाहिजे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानास झाला. लोक त्यांस भाई म्हणत, व पुढे तेच नाव रूढ झाले. घराणे न्हाव्याचे, परिस्थिती गरिबीची.

माथेरान हे गाव तरी किती जुने? 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब चौक गावाच्या अंगाने डोंगर चढून गेले, हवा पसंत पडली, आणि दुसऱ्या खेपेस त्यांनी राहण्याची सोय केली. इंग्रजी दप्तरातला माथेरानचा इतिहास येथून सुरू होतो; डोंगरावरचे ठाकर, कातकरी व धनगर हे त्या इतिहासाच्या अगोदरचे. 1905 साली म्युनिसिपालिटी झाली, 1907 साली सर आदमजी पीरभाई यांच्या घराण्याच्या खटपटीने नेरळहून छोटी आगगाडी वर आली. युरोपियनांचे व पारशांचे बंगले, मुंबईच्या शेटियांच्या वाड्या, आणि या सर्वांचे ओझे डोक्यावर, खांद्यावर, घोड्यावर किंवा हातरिक्षातून वाहणारे लोक, अशा दोन थरांचे हे गाव. हवा खाणारे हंगामापुरते येत व जात. ओझे वाहणारे पावसाळ्यातही तेथेच भिजत राहत. न्हाव्याच्या मुलास त्या बंगल्यांची जी दारे ठाऊक असावयाची ती बहुधा मागचीच.

भाईंचे प्राथमिक शिक्षण माथेरानास झाले. पुढील शिक्षण नातलगांच्या आश्रयाने पुण्यास. हुशारी होती व चिकाटीही होती, म्हणून कायद्याच्या पदवीपर्यंत मजल गेली. त्या काळी अशा घरातील मुलाने वकिलीची सनद मिळविली म्हणजे घराण्याचे पांग फिटले असे सर्वांस वाटे. पुण्यामुंबईस बिऱ्हाड करावे, काळा कोट चढवावा आणि उन्हाळ्यात गावी येऊन आंबे खावेत. भाई मात्र परत माथेरानास आले. 1941 साली ते म्युनिसिपालिटीत निवडून गेले व उपाध्यक्ष झाले. ज्या गावात ओझी वाहणाऱ्यांचा मुलगा फार झाले तर कचेरीच्या दाराशी पट्टेवाला म्हणून उभा राहावयाचा, त्याच गावच्या सभेत हा गृहस्थ खुर्चीवर बसू लागला. ही गोष्ट त्या काळच्या मानाने लहान नव्हती.

तथापि त्यांचे लक्ष डोंगरमाथ्यापेक्षा डोंगराच्या पायथ्याकडे अधिक होते. माथेरानावरून खाली पाहिले म्हणजे कर्जत तालुक्याचा भातपट्टा दिसतो. पावसाळ्यात तो इतका रम्य दिसतो की, त्या हिरव्या चौकोनांतील एकेक चौकोन कोणा ना कोणाच्या खात्यावर मांडलेला होता ही गोष्ट पाहणाऱ्याच्या मनातही येत नाही. येथील शेती एका पिकाची. मार्गशीर्षात घरी आलेले भात सावकाराची व खंडाची फेड होऊन जे उरेल ते होळीपर्यंत पुरावयाचे. पुढे ज्येष्ठ-आषाढात, नांगराला माणूस जुंपावयाच्या ऐन वेळी, घरात दाणा नसे. मग खावटी काढावयाची. खावटी म्हणजे पोटापुरते उसने धान्य. आणि ते फेडावयाचे वाढीदिढीने. आषाढात एक मण उचलले की मार्गशीर्षात दीड मण मापून द्यावयाचे. पाच महिन्यांस शेकडा पन्नास, म्हणजे वर्षास शेकडा एकशे वीस दराचे हे व्याज! शिवाय यात आणखी एक मेख असे. सावकार धूर्त असला तर तो आषाढातील महाग भावाने त्या मणाचे रुपये करून ठेवी आणि मार्गशीर्षातील स्वस्त भावाने त्या रुपयांचे भात करून घेई. त्यामुळे दिढीची दुपटी केव्हा झाली हे घेणाऱ्यास कळत नसे, आणि कळले तरी अंगठा उठवून दिलेल्या कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नसे. मुंबई इलाख्यातील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करून सिमिंग्टन साहेबाने जो अहवाल लिहिला त्यात अशाच व्यवहारांची वर्णने आहेत. सरकारी अंमलदाराच्या लेखणीतून उतरलेला तो अहवाल वाचताना आजही अंगावर काटा येतो.

भाई कोतवालांनी या रोगावर दोन उपाय योजिले. एक धान्यकोठीचा आणि दुसरा शाळेचा. धान्यकोठीची कल्पना इतकी साधी आहे की, ती कोणास अगोदर कशी सुचली नाही याचेच आश्चर्य वाटावे. सुगीच्या वेळी प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे भात एका ठिकाणी साठवावयाचे. पावसाळ्यात ज्यास नड असेल त्याने त्यातून न्यावयाचे व पीक आल्यावर परत भरावयाचे. सावकाराच्या दारी जावयाचे कारणच उरू नये, हा हेतू. शाळांचा हेतूही याहून निराळा नव्हता. ज्यास अक्षर येते त्याच्याकडून कोऱ्या कागदावर अंगठा घेणे जरा अवघड जाते. स्वयंसेवक मिळवून भाईंनी कर्जत तालुक्यातील गावोगाव अशा शाळा चालू केल्या. ही दोन्ही कामे करावयाची तर रात्री-अपरात्री वाड्यांवर जावे लागते, ज्याच्या घरी भाकरी असेल त्याच्या घरी खावी लागते, कोणाचे पोर आजारी आहे व कोणाचा बैल गेला आहे हे ठाऊक असावे लागते. डोंगरातील पायवाटा भाईंच्या पायाखालच्या झाल्या त्या या दोन वर्षांत.

त्यात युद्ध आले. कोकणातील व मुंबईतील गरिबांच्या ताटात ब्रह्मदेशचा तांदूळ असे, ही गोष्ट आता पुष्कळांच्या विस्मरणात गेली आहे. 8 मार्च 1942 रोजी रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि तो तांदूळ बंद झाला. भाव चढू लागले, साठेबाजांचे फावले, आणि ज्या वर्षी खावटीची नड सर्वांत मोठी त्याच वर्षी खावटी देणाऱ्याची मूठ सर्वांत आवळलेली, असा प्रसंग ओढवला. अशा वेळी गावात जमा असलेली दहा-वीस मण भाताची कोठीही राजकारण होऊन बसते. या खटाटोपामुळे तालुक्यात भाईंस जसे स्नेही मिळाले तसे वैरीही मिळाले असणार, हे उघड आहे.

8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईस गवालिया तळ्याच्या मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला व दुसऱ्या दिवशी पहाटे पुढाऱ्यांस पकडून नेण्यात आले. पुढारी नाहीसे झाल्यावर ज्याने त्याने आपापल्या बुद्धीप्रमाणे वागावयाचे, अशी स्थिती झाली. मुंबईत उषा मेहता यांच्या मंडळीने गुप्त रेडिओ चालविला; कुलाबा जिल्ह्यात महाडास लोक मोर्चा घेऊन गेले व गोळीबारात माणसे पडली. भाईंवरही पकडवॉरंट निघणार हे दिसताच ते भूमिगत झाले. उपाध्यक्षाची खुर्ची मागे राहिली, वकिली मागे राहिली, बायकोमुलेही मागे राहिली. कर्जत-नेरळ भागातील तरुण शेतकरी व कार्यकर्ते यांस बरोबर घेऊन त्यांनी जो जथा उभारला तो ‘आझाद दस्ता’ या नावाने प्रसिद्ध आहे. नेरळजवळच्या मानिवलीचे गोमाजी पाटील व त्यांचा मुलगा हिराजी हे बापलेक त्यात होते.

या दस्त्याने हल्ल्यास निवडले ते विजेचे मनोरे. याचे मर्म कळावयास थोडा मागचा इतिहास सांगितला पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर धरणे बांधावयाची, ते पाणी नळांतून कोकणात सोडावयाचे आणि त्याच्या जोरावर वीज उत्पन्न करावयाची, ही टाटांची योजना. 1915 साली खोपोलीचे, 1922 साली भिवपुरीचे आणि 1927 साली भिऱ्याचे वीजगृह चालू झाले. त्यांपैकी भिवपुरी हे कर्जत तालुक्यातीलच गाव. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण बांधताना मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तो सर्वांस ठाऊक आहे. ही वीज उंच पोलादी मनोऱ्यांवरील तारांतून भातशेतांच्या डोक्यावरून मुंबईस जाई. तेथे तिच्यावर गिरण्या चालत, आणि युद्धकाळात गिरण्या चालणे याचा अर्थ फौजेचे कापड निघणे. खाली ज्या वाड्या होत्या त्यांत मात्र दिवा रॉकेलचा, आणि युद्धामुळे रॉकेलही मिळेना. पहाडातील पाणी आपले, मनोरा आपल्या शेतात, उजेड मात्र दुसरीकडे! दस्त्यातील शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी कोणा वक्त्याची गरज पडली नसावी.

1942 च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत असे 11 मनोरे पाडण्यात आले. मनोऱ्याचे पोलादी पाय करवतीने कापावयाचे, तेही रात्री, वर तारांतून प्रचंड दाबाची वीज वाहत असताना. हे काम किती जोखमीचे आहे हे त्यातल्या जाणकारासच कळेल. गिरण्या खोळंबल्या, रेल्वेची अडचण झाली. सरकारने भाईंस पकडून देणाऱ्यास बक्षीस लावले.

या कृत्याविषयी तेव्हाही दुमत होते आणि आजही असावयास हरकत नाही. गांधीजींच्या अहिंसेत मनोरा पाडणे बसते काय, हा प्रश्न तुरुंगाबाहेर राहिलेल्या काँग्रेसवाल्यांत तावातावाने चर्चिला जात होता. जपान दाराशी आला असता गिरण्या बंद पाडणे म्हणजे फॅसिस्टांस साह्य करणे होय, असे साम्यवादी म्हणत. गिरणी बंद राहिली तर प्रथम मजूरच उपाशी राहतो, हाही आक्षेप खोटा नव्हे. मला स्वतःस हा शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार वाटतो. कारण ज्या मनुष्याने कोठीतला एकेक दाणा गरिबाच्या घरी कसा राहील याची चिंता वाहिली, त्याच्या हातून गरिबाच्या एका दिवसाच्या रोजीस धक्का लागावा, ही विसंगती आहे. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एवढे मात्र म्हटले पाहिजे की, दस्त्याने रोख धरला तो निर्जीव पोलादावर. ज्या वर्षी साऱ्या जगात शहरेच्या शहरे आकाशातून जाळली जात होती त्या वर्षी हा विवेकही नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

तीन-चार महिने सरकारचे हात त्यांच्यापर्यंत पोहोचले नाहीत. याचे श्रेय पुष्कळ जण डोंगरांस देतात, आणि डोंगर बिकट आहेत हे खरेच. कर्जत तालुका कुलाब्यातला, त्याला लागून असलेला मुरबाड तालुका ठाण्यातला. या दोहोंच्या मागे भीमाशंकरचा कडा. एका जिल्ह्याचे पोलीस आले की दुसऱ्या जिल्ह्यात सरकावे, ही युक्ती शिवकाळापासून चालत आलेली. परंतु डोंगर कोणास जेवू घालीत नाहीत. रानातील माणसास भाकरी लागते, मीठ लागते, पोलीस कोणत्या वाटेने येत आहेत हे सांगणारे माणूस लागते. ज्या लोकांनी खावटीसाठी कोठीतून भात नेले होते, ज्यांच्या पोरांनी त्या शाळांत मुळाक्षरे गिरविली होती, अशा लोकांच्या मुलखात दस्ता राहिला होता, हे विसरून चालणार नाही. बक्षिसाची रक्कम कातकऱ्याच्या साऱ्या आयुष्याच्या मिळकतीहून मोठी होती. ती घेण्यास बहुतेक कोणी पुढे आले नाही, हा माझ्या मते त्या उपाध्यक्षाच्या कारकिर्दीचा सर्वांत बोलका वृत्तांत होय.

बहुतेक म्हटले ते अशासाठी की, शेवटी सुगावा लागलाच. खबर कोणी दिली याची चर्चा या भागात अद्याप चालते. नावे घेतली जातात, कुळे शोधली जातात. त्या शोधात मला गोडी वाटत नाही. एवढ्या दिवसांत एकाकडून फितुरी झाली, ही गोष्ट मनुष्यस्वभावास धरूनच आहे. शेकडो मुखे मिटलेली राहिली हेच विशेष.

डिसेंबरात दस्त्याचा मुक्काम सिद्धगडाच्या रानात होता. ज्यांनी हा गड पाहिला असेल त्यांस त्याची दुर्गमता सांगावयास नको. कल्याणहून मुरबाडास व तेथून नारिवली-जांभुर्ड्याकडे जाऊ लागले म्हणजे गोरखगड व मच्छिंद्रगड यांचे सुळके दिसू लागतात. सिद्धगडाचा डोंगर त्यांच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या मूळ भिंतीला खेटून. मध्ये दाट झाडी व ओढे. थंडीचे दिवस. त्या पहाटे हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने आपल्या तुकडीनिशी रान वेढले आणि गोळीबार सुरू केला. हिराजी पाटील ठार झाले. भाईंच्या मांडीत गोळी लागून ते खाली पडले, व त्या जखमी अवस्थेतच त्यांस जवळून गोळी घालून मारण्यात आले. जखमी मनुष्यास कैद करता आले असते, खटला चालविता आला असता. वकिलावर खटला चालविण्याची वेळ येऊ न देणे हेच सरकारास सोयीचे वाटले असावे. वेढ्यात अधिकारी गोरा असला तरी बंदुका धरणारे हात बहुतेक आपल्याच लोकांचे होते, हेही येथे लिहून ठेवतो.

याच युद्धात फ्रान्सातील एका गावकारभाऱ्याचा झालेला अंत येथे आठवतो. माँल्युसाँ हे मध्य फ्रान्सातील एक औद्योगिक गाव. मार्क्स दॉर्मुआ हे 1926 पासून त्याचे नगराध्यक्ष. त्यांचे वडीलही त्याच गावचे नगराध्यक्ष होते. दॉर्मुआ पुढे देशाचे गृहमंत्रीही झाले आणि त्या अधिकारात त्यांनी फ्रान्सातील फॅसिस्टांचा एक गुप्त कट उघडकीस आणला. 10 जुलै 1940 रोजी, जर्मनांपुढे शरणागती पत्करल्यावर, मार्शल पेतँ यांच्या हाती सर्व सत्ता सोपविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा विरुद्ध मत देणारे ऐंशी सभासद निघाले. त्यांत ते होते. त्यांस नगराध्यक्षपदावरून काढण्यात आले, स्थानबद्ध करण्यात आले, आणि 26 जुलै 1941 रोजी माँतेलिमार येथे त्यांच्या बिछान्याखाली ठेवलेल्या बाँबने त्यांचा प्राण घेतला. बाँब ठेवणारे फ्रेंचच होते. दॉर्मुआ मंत्रिपद भोगलेले, भाई तालुक्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नसलेले. त्यांची लढाई जर्मनांच्या अंकिताशी, यांची जर्मनांच्या शत्रूशी. साम्य शोधू गेल्यास एवढेच सापडते की, राज्यसत्ता दूर कोठेतरी हरते किंवा जिंकते, परंतु तिला नाही म्हणणारा मनुष्य पुष्कळदा नळपट्टी व शाळा यांची कामे करता करता तयार झालेला असतो. ज्यांची नावे यादीत लिहून त्याने घरोघर फिरून कामे केली ते लोक त्याच्या डोळ्यांपुढे असतात.

स्वातंत्र्यानंतर भाईंचे नाव पुष्कळ ठिकाणी दिले गेले. दादरास प्लाझा चित्रगृहासमोर वीर कोतवाल उद्यान आहे. त्या बाकांवर बसून शेंगा खाणाऱ्यांपैकी किती जणांस हे वीर कोण हे ठाऊक असेल, असा प्रश्न तेथून जाताना दर वेळी माझ्या मनात येतो. 2020 साली त्यांच्यावर एक मराठी बोलपटही आला. सिद्धगडाच्या पायथ्याशी स्मारक आहे व दर 2 जानेवारीस तेथे लोक जमतात. मुरबाड, कर्जत, कल्याण अशा गावांहून तरुण मंडळी जातात, मशाली पेटतात, भाषणे होतात. भाषणांत मनोरे असतात, गोळी असते, फितुरी असते. कोठीचे नाव क्वचितच निघते.

वस्तुतः त्या कोठीचा प्रश्न गोळीने मिटला नव्हता. 1945 साली ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकास वारल्यांनी वेठ व लग्नगडी यांविरुद्ध जो लढा दिला तो गोदावरी व शामराव परुळेकर यांच्यामुळे सर्वांस माहीत आहे. भुकेच्या वेळी उचललेले धान्य आणि त्यापायी गहाण पडलेले आयुष्य हेच त्याचेही मूळ होते. पुढे मुंबई सरकारने सावकारी नियंत्रणाचा कायदा केला, कुळकायदा आला. 1976 साली महाराष्ट्र सरकारने आदिवासींच्या आर्थिक स्थितीच्या सुधारणेसाठी निराळा कायदा केला व त्याखाली पावसाळ्याच्या नडीस कर्ज देण्यास आरंभ झाला. सरकारी कागदांत त्या कर्जास नाव मिळाले ते ‘खावटी’. 2020 साली साथीच्या टाळेबंदीत रोजगार बुडाले तेव्हा या कर्जाऐवजी दर कुटुंबास चार हजार रुपयांचे खावटी अनुदान मंजूर झाले. त्यातले निम्मे रोख, आणि निम्मे धान्यादी वस्तूंच्या रूपाने.